नोल्फाची निघायची वेळ

नोल्फा बारीयाच्या पायाला भिंगरी होती. बावीस उन्हाळे तिने ट्रेकिंगवाल्यांचे तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन जगाच्या दक्षिण टोकाकडच्या पाइनेच्या डोंगरांना प्रदक्षिणा घातल्या. आठ दिवसांची एक फेरी संपली की घरी चूल पेटायच्या आत दुसरीवर. "बसलं की गंज चढतो," म्हणायची. माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, आम्ही गोल बसून पितो, एकच पेला हातोहात फिरतो. ही बया तोही उभ्याने ओढून माझ्या हातात कोंबायची आणि दोऱ्या आवळायला पळायची.

मी खिंडीखालच्या तळावर स्वयंपाक करते आणि रेडिओही सांभाळते. त्यामुळे सगळ्यांची गुपितं माझ्याकडे येऊन पडतात, नको असली तरी.

यंदा तिचं गुपित होतं गुडघा. पोर्टर खिंडीकडे निघाला की मी पलीकडे, हिमनदीकाठच्या तळावर ओसियेलला वेळ कळवायची, आणि नातालेस गावातला मुकादम सिरो कान लावून तेच ऐकत असायचा. आठ तासांत जो पोचत नाही त्याला पुढच्या हंगामात काम नाही. नोल्फाला आता दहा लागत होते.

"एदे, मी चारला निघते. तू सहा सांग."

"आणि काही झालं म्हणजे?"

"मला काय धाड भरलीय? मेलेच तर तुझ्या सुपाने मरेन, वाऱ्याने नाही."

मी हसले आणि सहा सांगितले. एकदा नव्हे, सबंध डिसेंबर, म्हणजे आमचा भर उन्हाळा. मैत्रीखातर थाप मारताना आपण फार थोर आहोत असं वाटतं. मलाही वाटलं, मूर्खासारखं.

जानेवारीतली ती सकाळ. चारला ती निघाली तेव्हा पान हलत नव्हतं. आठला वारा असा सुटला की माझ्या तंबूचे खांब कण्हायला लागले. सहाला निघालेल्या तिघी पोर्टर पोरी नऊपर्यंत परत आल्या, तोंडं पांढरीफटक.

"झाडी संपली की उभंच राहता येत नाही, एदेताई. रांगत मागे फिरलो."

"नोल्फा?"

"नाही दिसली."

तेवढ्यात रेडिओवर ओसियेल. "नोल्फाही सहालाच निघाली ना? मग ती तुमच्याच बाजूला झाडीत दडली असणार. माणसं खालून पाठवा."

मला माहीत होतं की ती एव्हाना खिंडीपलीकडे आहे. तिथे उघडा उतार, खाली नुसता बर्फ, धरायला झुडूप नाही. मी माईक उचलला, ठेवला. बटाटे सोलायला घेतले, अर्धवट टाकले. पुन्हा माईक. सांगितलं तर मुकादम ऐकणार, आणि नोल्फाचे डोंगर कायमचे सुटणार. ती एखाद्या दगडाआड मजेत बसली असेल तर? मी उगाच तिचा गळा कापायचा? रस्सा खाली लागला, करपल्याचा वास आला, तरी मी आतबाहेर करतच होते. अशी वीस मिनिटं मी घालवली. त्याची लाज आजही वाटते.

"ओसियेल, ती चारला निघालीय. तुमच्या बाजूला शोधा. दर फेरीला चारलाच निघते. मी खोटं सांगत होते."

खरखर. मग मुकादमाचा आवाज. "दर फेरीला?"

"हो, दर फेरीला."

उतारावरच ती सापडली. वाऱ्याने उचलून आपटलं होतं. गुडघा भोपळ्याएवढा, ओझ्याच्या दोरीने स्वतःला खडकाला बांधून घेतलेलं, ओठ निळे. आणखी तासभर गेला असता तर ती वाचली नसती, असं ओसियेल म्हणाला. तिचा पहिला निरोप आला तो असा: "त्या एदेल्मिराला सांगा, तोंडाला टाके घाल."

हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये मी नातालेसला गेले. मुकादमाने तिला शेडमध्ये शिध्याच्या पिशव्या भरायला ठेवलं होतं. स्टुलावर बसलेली, एक पाय खोक्यावर सरळ. दुसरा सारखा हलत होता.

"नोल्फा, माफ कर गं."

"कशाबद्दल? अख्खं गाव सांगतंय, तू मला वाचवलंस." तिने शेवयांची पिशवी करकचून बांधली. "वाचवलंस हे खरंच आहे, एदे. पण आणून ठेवलंस कुठे?"

मी एक रिकामी पिशवी ओढली आणि तिच्या शेजारी बसून भरायला लागले.