ओढ्याकाठची बजावणी

"पोर मोगलाईत गेलीय, मावशीकडं," चंदरने सलग तिसऱ्या महिन्यात सांगितलं आणि मी तेच पुन्हा कागदावर उतरवलं. त्याने टाकलेली बायको, सरूबाई, गाठोडं घेऊन मागे उभी होती. गाठोड्यात मुलीसाठी शिवलेला परकर होता.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी नगरच्या कोर्टात बेलिफ होतो, म्हणजे कोर्टाचा हुकूम माणसाच्या दारात नेऊन बजावणारा. चंदरने दुसरी बायको आणली तेव्हा सरूबाई नगरला माहेरी आली. सहा वर्षांची गोदी बापाकडेच राहिली. महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी आईला तासभर भेटू द्यावं, असा कोर्टाचा हुकूम होता. पण गाव खर्ड्याच्याही पलीकडे, निजामाच्या हद्दीला लागून. ओढा ओलांडला की मोगलाई, आणि तिथे आमचा कागद चालत नसे.

आम्हा बेलिफांचे वरिष्ठ म्हणजे नाझरसाहेब. ते वैतागले.

"पुन्हा 'मिळाली नाही'?"

"घरात नसतेच साहेब."

"आता शेवटचं जा. या वेळी नाही मिळाली तर कोर्ट बाईचा अर्ज निकाली काढेल."

चौथ्या खेपेला, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालवलेली मोटार प्रत्येक चढाला थांबत होती. मला बसवत नव्हतं. शेवटी सरूबाईच बोलली.

"दादा, तुमी आदी चावडीत का जाता?"

"रीतच आहे. आधी पाटलाला वर्दी, मग घर."

"पाटील त्यांचा चुलता हाय. तुमी चावडीत च्या पेता तवर आत्याबाई, माजी सासू, पोरीला वढ्यापार नेत्यात. मला बी परवाच कळलं."

मला स्वतःचीच लाज वाटली. तीन महिने मीच त्यांना सावध करत होतो. नियम आठवून पाहिला. कागदावर पाटलाची सही हवी, एवढंच होतं. आधी की नंतर, ते कुठेच नव्हतं.

खर्ड्याला उतरून एका गाडीवानाजवळ पाटलासाठी चिठ्ठी दिली: आज बजावणीला येत आहे. आणि आम्ही दोघं आडवाटेने थेट ओढ्यावर गेलो. अलीकडच्या काठाला बाभळीखाली बसलो. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ काढत होतो. चिठ्ठी पोचलीच नसली तर सासू पोरीला घेऊन निघणार कशाला? सरूबाई मात्र परकराची दुमड उसवत होती. पोर वाढली असेल म्हणाली.

दुपार कलताना म्हातारी आली, गोदीचा हात धरून, भराभर. आम्हाला बघून थबकली.

"आजी, कोर्टाचा हुकूम आहे. तासभर."

म्हातारीने ओढ्याच्या पात्राकडे पाहिलं. वीस पावलं उरली होती. मग ती मटकन खाली बसली.

गोदी आजीच्या पाठीआड लपली. आई हाका मारत राहिली, पोर हलेना. हुकमात याला काही उपाय नव्हता.

सरूबाईने परकर पुढे धरला. म्हातारीने तो बोटांनी चाचपला. "आखूड हुईल," ती पुटपुटली आणि गोदीला पुढे ढकलून म्हणाली, "जा, माप दे आईला."

मी घड्याळ खिशात ठेवलं ते ऊन उतरेपर्यंत काढलं नाही. निघताना म्हातारी सुनेला म्हणाली, "फुडल्या बाजाराला घरीच ये. मी बघते चंदरकडं."

कागदावर मी 'भेट: एक तास' लिहिलं आणि मग चावडीत जाऊन पाटलाची सही घेतली. तेव्हापासून कुठल्याही गावी गेलो की आधी गावाबाहेर जायच्या वाटा बघायचो, चहा नंतर.