चार्जिंगच्या खाचेतली हळद

प्रिय सई आणि ईशान,

माझा फोन आठवडाभर बंद का होता, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, बेसिनमध्ये पडला. तुमच्या आजोबांनाही तेच सांगितलं. ते खोटं होतं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं केलं. आता माझी पाळी. सोबत तुमच्या पणजीचा आवाज पाठवते आहे. तो ऐकण्याआधी हे वाचा.

गौरी जेवणाचा दिवस होता. समोरच्या फ्लॅटमधल्या सुमनताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं होतं. आम्ही नऊ वर्षांपासूनच्या शेजारणी. रोज सकाळी एकत्र फिरायला जातो. त्यांची नात माझ्याकडे इंग्रजी शिकते. सोफ्यावर बिल्डिंगमधल्या चौघी बसल्या होत्या, स्टीलच्या पेल्यांतून पाणी पीत. मी दाराजवळच्या खुर्चीत. तुमचा फोन यायचा होता, म्हणून मोबाइल मांडीवर. मीही पाणी मागितलं.

सुमनताई तांब्या घेऊन आल्या. पेला नव्हता.

"ओंजळ धरा हो बाई. आज सोवळं आहे आमच्याकडे. मनावर घेऊ नका."

चौघींच्या हातात पेले होते. सोवळं माझ्यापुरतं होतं.

मी उठायला हवं होतं. नाही म्हणायला हवं होतं. 'मे आय हॅव अ ग्लास ऑफ वॉटर' हे वाक्य मी पाचवीच्या किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल! पण तोंड उघडायच्या आधी माझे हात वर आले. करंगळ्या जुळल्या. मनगटं हनुवटीला लागली. निफाडकडच्या आमच्या गावात शाळेचा शिपाई आम्हा महारवाड्यातल्या पोरांना असंच पाणी ओतायचा, हातभर वरून. थेंब न सांडता कसं प्यायचं, ते आईने शिकवलं होतं. साठ वर्षांनी हातांना सगळं जसंच्या तसं आठवलं. फक्त हात आता थरथरतात. पाणी कोपरांवरून ओघळलं आणि मांडीवरच्या मोबाइलवर सांडलं.

मी प्याले. वर 'थँक यू' म्हणाले. चौघींपैकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येईपर्यंत स्क्रीन काळी पडली होती. मी फोन चार्जिंगला लावला. पुन्हा लावला. मग आजोबांनी घोटीच्या तांदळाचा डबा काढला आणि फोन त्यात पुरला. मी डब्याशेजारी बसून राहिले. त्या फोनमध्ये माझ्या आईचा आवाज होता. पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर तिचा जन्म गेला. ती जायच्या थोडे दिवस आधी मी तिला बोलतं केलं होतं. दुसरीकडे तो आवाज कुठेही नव्हता. बॅकअप घे, बॅकअप घे, असं तुमचा बाबा सांगत राहिला आणि मी उद्यावर ढकलत राहिले.

द्वारका चौकाजवळ सुरेखा नावाची बाई मोबाइल दुरुस्त करते. तिने चिमट्याने चार्जिंगच्या खाचेतून तांदळाचा दाणा काढला.

"मावशी, पुलाव लावला व्हता का?"

मी हसले नाही. तिने मागचं झाकण गरम करून उचकटलं, बॅटरी सोडवली.

"पाणी कशाचं व्हतं? खरं सांगा. त्यावर धुणं ठरतं."

"बेसिनमध्ये पडला. साधं पाणी."

तिने खाच भिंगाखाली धरली आणि भिंगाला जोडलेली स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एवढीशी खाच ताटाएवढी दिसत होती. कडेने पिवळं साचलेलं.

"साधं नाय हे. हळद हाय."

सुमनताईंची बोटं मला आठवली. सगळ्यांना हळद लावून आलेली, तांब्याच्या काठावर धरलेली. त्यांवरून वाहिलेलं पाणी माझ्या ओंजळीत आलं होतं.

मग मी सांगितलं. ओंजळ, तांब्या, चौघींचे पेले. हातात ब्रश घेतलेल्या परक्या बाईला. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. सांगताना माझा आवाज वर्गात असतो तसा सरळ राहिला, याचंच मला रडू आलं.

सुरेखाचा ब्रश थांबला. "माझ्या आज्जीला असंच द्यायचे. मला वाटलं, शिकल्या-सवरल्या लोकांत सुटलं असंल."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणाले.

ती पुन्हा कामाला लागली. स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून कण न् कण पुसत. "फोन वाचंल असं नाय सांगत. आतलं काढून देते, निघालं तर."

चौथ्या दिवशी फोन घेऊन परतले. जिन्यात सुमनताई भेटल्या.

"झाला का हो नीट? बेसिनमध्ये पडला म्हणे."

"बेसिनमध्ये नाही पडला. तुम्ही वरून ओतलेलं पाणी गेलं त्यात."

"अहो, मी काय मुद्दाम..."

"आज सोवळं नाही ना? मला पाणी द्या. पेल्यात."

त्या आत गेल्या. बराच वेळ लागला. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. त्या कागदी कप घेऊन आल्या. वापरून फेकायचा.

मी तो घेतला आणि न पिता त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला. सकाळचं फिरणं तेव्हापासून एकटीचं आहे. नऊ वर्षांची सवय, पाय अजून त्यांच्या दाराशी अडखळतात. त्यांची नात मात्र शिकायला येते. आमच्याच पेल्यात पाणी पिते. मी तिला 'मे आय हॅव अ ग्लास ऑफ वॉटर' शिकवते आणि आता त्यातला प्रत्येक शब्द सावकाश उच्चारते.

पुन्हा कुणी तांब्या उंच धरला, तर मी तहानलेली परत येईन. हात मांडीवर राहतील. त्यांना मी रोज बजावते.

फोन गेला. माइक मेला, अर्धी स्क्रीन काळीच राहिली. पणजीचं बोलणं सुरेखाने काढून दिलं. मध्ये खरखर आहे, शेवट तुटला आहे. ती म्हणते: "ऐकू येतंय का गं पोरी? खळ्यावरचं काम सुटलं आता. हात लय मोकळे वाटत्यात." एवढं शिल्लक आहे.