भिजत घातलेली होडी

आक्कांना पोहता येत नव्हतं. धरणात पाणी साठलं तेव्हापासून अल्याडची माणसं पल्याड नेणाऱ्या बाईला पोहता येत नाही, हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, तेही भर पाण्यात. मी होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. आक्का माझी गंमत बघत होत्या. "घाबरू नको," म्हणाल्या. "पोहणाऱ्याला बुडायचं भ्या नसतंय. आन ज्याला भ्या न्हाई, त्याच्या होडीत मी सोता बसत न्हाई."

आम्ही भोई माणसं. धरण झालं, जमिनी नव्हत्याच, पाणी तेवढं मिळालं. मग मासेमारीची सोसायटी निघाली आणि सोसायटीनं एक लाकडी होडी बांधून घेतली. आक्कांचे मालक तेव्हाच वारले होते. त्यांचं वल्हं आक्कांनी उचललं आणि नंतर होडीला डिझेलचं इंजिन बसलं, तेही त्यांनीच ताब्यात घेतलं. पहिल्या दिवशी इंजिनाला हळदकुंकू लावून त्यांनी त्याला बजावलं होतं म्हणतात, "तू नवं हायेस, मी जुनी हाय. माझं ऐकायचं." इंजिनानं बरंचसं ऐकलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीतला घोळ माझाच आहे. मी बीडची, बारावी पास. मनगटावर घड्याळ घालून सासरी आले आणि कुणी वेळ विचारत नाही म्हणून स्वतःच सांगत सुटायची. आधीचा सेक्रेटरी पुण्याकडे गेला, तेव्हा अक्षर बरं म्हणून सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं. झालं. पोटनियमांचं पुस्तक मी पोथीसारखं उशाला घेऊन झोपू लागले. कुणी चहा मागितला तरी तो ठराव आहे की सूचना, हे मी आधी ठरवायची. एकदा तर शाईचा डाग पडलेला पदर मुद्दाम पुढं घेऊन बाजारात फिरले आहे मी. माझ्या नाती हे ऐकून हसतात. हसू द्या, मीही हसते.

डिझेलच्या बाबतीत आक्कांचा हात फार आखडता. काठ बराच लांब असताना त्या इंजिन बंद करायच्या. नवखा माणूस घाबरून विचारायचा, काय झालं? काही झालेलं नसायचं. उरलेलं अंतर होडी आपल्या ओघानं कापायची आणि काठाला अशी टेकायची, की मांडीवरचं झोपलेलं लेकरू उठायचं नाही. वारा पाठीचा असेल तर इंजिनाला सुट्टी. एकदा मी विचारलं, होडी तासाला किती डिझेल खाते? मला तक्ता करायचा होता. आक्का म्हणाल्या, "होडी कशाला खाईल? चालवणारा खातो." मी तक्ता केला नाही.

मग ते साल आलं. आखातात लढाई पेटली आणि तिची झळ आमच्या डिझेलच्या कॅनला लागली. भाव चढले, पंपावर रांगा लागल्या. त्यात पावसानं पाठ फिरवली. धरण आटत आटत मधे एक ओघळ राहिली आणि पल्याडची माणसं चिखल तुडवून पायीच येऊ लागली. होडीचं काम उरलं नाही. होडी विकून टाकावी अशी सूचना सभेत कुणी मांडली असेल? मीच. घड्याळात बघून, उभी राहून मांडली. "सदर होडी चालवणे संस्थेस परवडणारे नाही," हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं, कारण ते मला फार आवडलं होतं.

आक्कांनी विरोध केला नाही. अंगठा उठवण्याआधी त्यांनी एवढंच सांगितलं, की विका, पण होडी म्हणून विका. दुष्काळात सगळ्यांचा डोळा इंजिनावर होता. विहिरीवर पाणी उपसायला इंजिन हवं, लाकडाचं काय, चुलीत जाईल. "माणसं वाहिलेली हाय ती," आक्का म्हणाल्या. "तिला पाण्यात द्या, जाळात न्हाई." मी ते प्रोसिडिंगमध्ये लिहिलं नाही. असल्या वाक्याला नियम कोणता लावायचा, ते मला कळलं नाही.

त्याच सुमारास आक्कांची लेक नांदूरघाटला बाळंत झाली आणि त्या पंधरा-वीस दिवस तिकडे गेल्या. मला मोकळं रान मिळालं. गिऱ्हाईक येणार, तर होडी नको का नटवायला? बघायला येणार म्हटल्यावर मुलीला पावडर लावतात तशी. मी चार बाप्यांना लावून होडी पाण्याबाहेर ओढली, काठावर उन्हात उपडी घातली, चांगली पंधरा दिवस वाळवली. मग निळा ऑइलपेंट. कडेला पांढरी रेघ. रेघ मी स्वतः ओढली, जीभ बाहेर काढून. होडी अशी देखणी दिसायला लागली, की मला वाटलं, आक्का येऊन माझी दृष्ट काढतील.

आक्का आल्या, एसटीतून उतरून थेट काठावर. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली, मग वाकून उपड्या होडीखाली शिरल्या. थोड्या वेळानं आतूनच हाक आली. मी आत शिरले. आक्कांनी वर बोट केलं. फळ्याफळ्यांच्या मधून उन्हाच्या बारीक रेघा आत येत होत्या. माझ्या पांढऱ्या रेघेपेक्षा सरळ.

"बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात नदीत कशापायी टाकत्यात, ठावं हाय का?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. बीडमध्ये आम्ही रिक्षानं फिरायचो.

मग त्यांनी सांगितलं. लाकूड ओलं असलं की फुगतं, फळीला फळी घट्ट बसते. वाळलं की आकसतं, फटी पडतात. होडी कधीच कोरडी ठेवायची नसते. काम नसलं तरी पाण्यात उभी ठेवायची. आक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि त्या हसण्यात मी अकरावीपर्यंत मागं गेले.

अडचण अशी, की दुसऱ्याच दिवशी दोन गिऱ्हाइकं यायची होती. एक कडा गावाकडचे बागायतदार. त्यांची मोसंबीची बाग वाळत चालली होती, त्यांना इंजिन हवं होतं. दुसरा गंगाथडीचा सोपान. आमच्यातलाच, तिकडे गोदावरीच्या डोहात अजून पाणी होतं, त्याला होडी हवी होती. होडी गळकी निघाली तर सोपान परत जाणार, आणि मग बागायतदार इंजिन नेणार, लाकूड चुलीत. हे सगळं मी माझ्या ऑइलपेंटनं घडवून आणलेलं. मी आक्कांना सुचवलं, की फटीत डांबर भरू, वरून पुन्हा रंग मारू, उद्याचा दिवस निभेल. आक्का म्हणाल्या, "उद्याचा निभंल. परवा त्या सोपानाची बायकापोरं बसतील तिच्यात."

सकाळी सोपान आला. मोठ्या उत्साहानं विचारलं, होडी कुठं आहे? आक्कांनी ओघळीकडे हात केला. पाण्याच्या वर फक्त निळी कड दिसत होती, तिची पांढरी रेघसुद्धा अर्धी बुडालेली. रात्र पडायच्या आत आक्कांनी होडी आमच्याकडून पाण्यात ढकलून घेतली होती आणि आत दगड भरून बुडवली होती.

"बुडलीय की ही," सोपान म्हणाला.

"बुडली न्हाई, भिजत घातलीय. हरभरे घालता तशी. आमच्या सेक्रेटरीणबाईनी वाळवली होती, पापडासारखी." मी पदर तोंडाला लावला. आक्का पुढं म्हणाल्या, "आठ दिसांनी या. तरंगली तर न्या. आमी सांगतो म्हणून नेऊ नका."

सोपान विचारात पडला, पण तोंड फिरवलं नाही. खोटं बोलायचं तर माणूस होडी बुडवून कशाला ठेवील, असं त्याला वाटलं असावं. आठ दिवसांचा वायदा करून तो गेला.

मागोमाग बागायतदारांची जीप आली. त्यांनी होडी पाहिलीही नाही. काठावर काढून ठेवलेलं इंजिन पाहिलं, हात फिरवला आणि चेअरमनला म्हणाले, आजच उचलतो. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. उभी बाग वाळताना बघणं सोपं नसतं. चेअरमन मला म्हणाले, दुपारी सह्या घेऊन टाक.

तेव्हा, बायांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझी पोथी कामाला आली. मी पोटनियमांचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं: संस्थेची मालमत्ता विकायची तर खास सभा (आमची झाली होती ती साधी), आणि खास सभेला सात दिवस आधी नोटीस. नोटीस वाटायला एक दिवस. चेअरमन चिडले. वर्षभर माझ्या नियमांनी ते गांजलेच होते. म्हणाले, अगं, बुडलेल्या होडीला कसली नोटीस? मी म्हटलं, बुडलेली असो नाहीतर तरंगती, पोटनियमात तसा भेद नाही. आक्का पाठीमागं उभ्या होत्या. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण बागायतदार त्यांच्याकडे बघून पहिल्यांदाच हसले, तेव्हा दिसलं असं समजा. तेही आठ दिवसांनी यायला तयार झाले.

ते आठ दिवस मी काठावर बसून काढले. रोज विचारायची, फुगली असेल का? आक्का म्हणायच्या, रोज झाकण उघडून बघितलं तर आंबिलीचं पीठ तरी फुगतं का. आठव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं. होडी वर आली, मग इंजिन बसवलं. आक्कांनी तळाला कोरडं फडकं टाकलं, सगळ्यांना आत बसवलं आणि ओघळीच्या त्या टोकापर्यंत जाऊन आणलं. सोपानानं फडकं उचलून पिळलं. एक थेंब नाही.

आता सौदा. आमच्याकडे बैल विकताना आधी खोड सांगतात. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. आक्कांनी होडीची खोड तशीच सांगायला घेतली आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी माझा पाय बाजूला सारला. "डाव्या अंगाला वढती. पावसात उजवी फळी कुरकुरती, तिला बोलू द्यायचं. इंजिन सकाळी एका झटक्यात चालू होत न्हाई, लई नखरे हायेत. आन तासभर एकसारखं चाललं की तापतं. मग गप बसवावं लागतं."

बागायतदारांनी पटकन मान वर केली. त्यांना इंजिन रात्रंदिवस विहिरीवर चालवायचं होतं. आक्का म्हणाल्या, "साहेब, होडीला पाव तास पुरे. तुमच्या बागेला पुरायचं न्हाई. तुमी नवं घ्या, झाडं वाचतील." बागायतदारांनी थोडा वेळ इंजिनाकडे पाहिलं, मग आक्कांना हात जोडले आणि जीपमध्ये बसले. सोपान म्हणाला, माझा डोह पाव तासाचाच आहे. तेवढ्यावर सौदा ठरला. जी गोष्ट लपवायला मी पायावर पाय दिला होता, तिनंच होडी चुलीतून वाचवली.

होडी ऊस वाहायच्या ट्रॉलीवर चढवली. गंगाथडीपर्यंत उन्हातून न्यायची म्हणजे वाटेत पुन्हा वाळणार. म्हणून तिच्यावर ओली पोती घातली आणि पोती भिजवायला आक्का आत बसल्या. ताबा दिल्याची सही आणायला मीही निघाले. ट्रॉलीवर दुसरी जागा नव्हती, म्हणून होडीतच. घड्याळ घातलेली सून कोरड्या रस्त्यानं होडीत बसून चालली आहे, हे तीन गावांनी डोळे भरून पाहिलं. गावोगावी लोक टँकरची वाट बघत होते, तिथं चांगलं पाणी मागायची आक्कांची हिंमत नव्हती. त्या भांडी घासलेलं पाणी मागायच्या. कशाला म्हणून लोक विचारायचे; होडीला, म्हटल्यावर हसायचे, आणि द्यायचे. एका म्हातारीनं नातवाच्या आंघोळीचं पाणी राखून ठेवलं होतं, ते दिलं.

गोदावरीत होडी उतरली. आक्कांनी दोन दिवसांत सोपानाला तिचे सगळे नखरे शिकवायचे, असं ठरलं होतं. दोन दिवस मी सोपानाच्या घरी राहिले. तिसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली आणि आक्कांना म्हटलं, चला. सोसायटीत रखवालदाराची जागा आहे, मी ठराव करून घेईन. आक्का होडीतच होत्या, बाजाराची माणसं चढवून घेत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कोरड्यावर नको ठिऊ मला, पोरी. फटी पडत्यात."

पुढं एका बाईच्या कोंबड्यांच्या पाटीवरून त्यांचं भांडण सुरू झालं, आणि मला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. होडी सुटली. काठावर मी एकटी उरले.

आक्का मग परत आल्या नाहीत. सहा वर्षं त्यांनी तिथं माणसं वाहिली, आणि तिथंच गेल्या. अंथरुणात, पाण्यात नाही. मी गंगाथडीहून घरी पोचल्या पोचल्या प्रोसिडिंग लिहिलं होतं: "संस्थेची होडी इंजिन व चालकासह चालू स्थितीत विकण्यात आली." पुढच्या वर्षी ऑडिटरनं 'चालकासह'खाली लाल रेघ मारली आणि विचारलं, माणूस विकायचा ठराव कुठल्या पोटनियमात बसतो? मी म्हटलं, कुठल्याच नाही, साहेब. मग तो शब्द खोडा, म्हणाले. मी पेन बंद केलं. ते पान अजून तसंच आहे.