न झालेली कुस्ती
खाजेच्या मलमाचा तो गोडसर वास आला, की मला आष्टीकडच्या एका जत्रेतला आखाडा आठवतो. तेव्हा आम्ही चौसाळ्यात राहायचो आणि मी तालमीत कुस्ती खेळायचे. मानेवर गजकर्ण उठलं, तर वडिलांनी डॉक्टरला न दाखवताच मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की खाज थांबायची, लालीही जायची. सोडली की दुप्पट जागा धरून पुन्हा उठायचं, आणि वडील पुन्हा तीच ट्यूब आणायचे. जत्रेपर्यंत चट्टे खांद्यावर उतरले होते. हलगी कडाडत होती, पाणी मारलेल्या मातीचा गारवा तळपायांना लागत होता, आणि पंचांनी माझी मान उजेडाकडे वळवली. "पोरी, तुला उतरता येणार न्हाई. समोरचीला लागंल हे." वडील पुढं सरसावले. "कावून? रोज मलम लावतोय की!" पण पंचांनी समोरच्या मुलीचा हात वर केला. ती अंगाला माती न लागताच जिंकली. नंतर बीडचे डॉक्टर ट्यूब बघून वैतागले, "यात स्टेरॉइड आहे. वरची लाली दबते आणि खाली बुरशी पसरत जाते. कुणी सांगितलं लावायला?" वडिलांनी ती ट्यूब तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. बरं व्हायला कित्येक महिने गेले. तोवर त्या मुलीचं लग्न होऊन तिची कुस्ती सुटली होती. आज माझी मान नितळ आहे. ती मुलगी कधी बाजारात भेटली की हसून म्हणते, "तूच जिंकली असतीस बघ." ती मनापासून म्हणते, आणि तेच मला ऐकवत नाही; ते खरं की नाही, आता कधीच कळायचं नाही.