चपलांच्या ढिगाशेजारचं दार

बुटांशिवाय आयरिश नाच म्हणजे उशीवर तबला वाजवणं. हे वाक्य माझ्या पत्रकातलं आहे आणि मी अजूनही त्यावर ठाम आहे.

माझी धाकटी बहीण मोबाइलवर बघून बघून तो नाच शिकली. हात अंगालगत सरळ, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा, सगळी धमाल गुडघ्याखाली. शाळेच्या जुन्या काळ्या बुटांना तिने चवड्याला नि टाचेला खिळे ठोकून घेतले होते. पण नानाखेड्यातल्या आमच्या फ्लॅटखाली राहणारे लोक खुर्ची सरकली तरी तक्रार घेऊन वर येतात. त्यामुळे पोरगी मोज्यांवर नाचायची. स्वतःचा नाच तिने स्वतःसुद्धा कधी ऐकला नव्हता. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तो एकदा दणदणीत वाजावा, एवढंच तिचं मागणं.

सेक्रेटरीकाकांनी नाव लिहून घेतलं, मग बूट पाहिले आणि पेन थांबला.

"बेटा, गणपतीसमोर जूते? बिलकुल नाही. अनवाणी नाच, हवं तर घुंगरू बांध."

"काका, मग टापा कशा वाजणार?"

"स्टेजवर गाद्या असतात. तशाही वाजणार नाहीत."

मी भडकले. त्याच दुपारी पत्रक लिहिलं, टावर चौकातून झेरॉक्स काढल्या आणि आरतीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात प्रसादाआधी कोंबल्या. त्यात सगळं होतं. आयर्लंडमधले नाचाचे मास्तर गावोगाव पायी फिरायचे, लोकांच्या घरी राहून शिकवायचे. मातीच्या जमिनीवर पाय वाजत नाही, म्हणून घराचं दारच बिजागऱ्यांवरून काढून आडवं टाकायचे नि त्यावर नाचायचे. चौरस्त्यावरच्या नाचावर पाद्री चिडायचे, पुढे सार्वजनिक नाचाला सरकारी परवाना लागू लागला. मग स्पर्धा आल्या, कुरळे विग आले, चमचमते झगे आले, मोठाले शो जगभर फिरले. हात सरळ का, याची कारणं प्रत्येकजण वेगळी सांगतो, खरं कोणालाच ठाऊक नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: पाद्र्यांना जमलं नाही ते आपली कमिटी करून दाखवणार का?

काकांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. पूर्ण! माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दार काढून त्यावर नाचायचे, हे तूच लिहिलंयस ना?"

"हो. मग?"

"मग तुला स्टेज कशाला पाहिजे, गं?"

मी माझ्याच पत्रकात ती ओळ शोधू लागले. बहीण मात्र केव्हाच मंडळाच्या कोठीच्या दाराकडे बघत होती.

"काका, ते दार मिळेल?"

"अगं, सागवानी आहे ते!"

"तेच पाहिजे."

काकांनी स्वतः पेचकस आणून बिजागऱ्या खोलल्या. अंगणात दार मावेल एवढी जागा एकच होती, चपलांच्या ढिगाशेजारी. तिथे बुटांना कोण हरकत घेणार? शिवाय कार्यक्रम संपला की अख्खं मंडळ चपला घालायला तिथेच यायचं.

पहिली टाप पडली नि बहीण स्वतःच दचकली. मग हसली. हात सरळच होते, परीक्षेचा चेहरा मात्र गेला. लाकूड असं कडकडलं की एका पायात चप्पल घातलेल्या मावशी तशाच थबकल्या.

"अय्या, हे तर आपल्या कथकसारखंच की! पण पोरीचे हात का बांधलेत?"

"बांधले नाहीत, मावशी. पत्रक वाचा," मी म्हटलं.

नाच संपला. काका पेचकस घेऊन पुढे आले.

"चला, दार बसवू द्या."

"काका, फिर एक बार?" बहीण धापा टाकत म्हणाली.

सगळ्यांच्या पायांत चपला होत्या आणि घरी कोणीच निघालं नव्हतं. काकांनी पेचकस खिशात ठेवला.