तांबड्या रश्शाची सेमीफायनल

चंदीगडला मी गेलो तो बायकोच्या मागोमाग. हे कोल्हापुरात उघड सांगायची सोय नव्हती, म्हणून ‘बदली झाली’ असं मोघम बोलून मी वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी की तिला तिथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर म्हणून जागा मिळाली, आणि मी शाळेतली पीटीची नोकरी सोडून दोन ट्रंका आणि एक फुटबॉल घेऊन तिच्याशेजारी गाडीत बसलो. नव्वदीची सुरुवात होती. घरोघरी केबल नुकतीच येत होती आणि जो तो टीव्हीवर क्रिकेट बघत होता.

शहर सुंदर, पण माझ्याशी त्याचं जमेना. आमच्याकडे पत्ता विचारला की माणूस तालमीपासून सुरुवात करतो, वाटेतल्या चार दुकानांत चौकशी होते आणि शेवटी स्वतःच सोबत येऊन घर दाखवतो. इथे सेक्टरचा आकडा, घराचा आकडा, संपलं. सगळे रस्ते सारखे सरळ आणि सगळे चौक सारखे गोल. सेक्टर सतराला म्हणून स्कूटर काढायचो आणि शेजारच्या पंचकुला गावाच्या रस्त्याला लागायचो. संध्याकाळी बायको विचारायची, “आज कुठं जाऊन आलात?” त्यात कुजकेपणा होता, पण तिचं माहेर पुण्यातलं असल्यामुळे मी मनावर घेत नसे.

मग एका कॉलेजात फुटबॉल कोचची जागा मिळाली. जागा वर्षावर्षाची, दर मार्चला प्रिन्सिपलसाहेबांच्या मर्जीवर. कोल्हापुरात मी पेठेच्या संघातून खेळलो होतो. बुटके, चिवट, पायाखालून चेंडू काढून नेणारे गडी आम्ही. पहिल्या दिवशी मैदानावर गेलो तर समोर रोपड आणि होशियारपूरकडच्या खेड्यांतली पोरं उभी. सरळ उभा राहिलो तर माझी नजर त्यांच्या छातीवर जायची. कॅप्टन स्टॉपरला खेळायचा, म्हणजे बचावाच्या मधोमध. त्याच्या एका बुटात माझे दोन्ही पाय मावले असते. त्याने वाकून माझ्या गुडघ्याला हात लावला, “पैरी पैणा, सर जी” म्हणाला, आणि मग चेंडूला अशी लाथ घातली की चेंडू शेजारच्या होस्टेलच्या गच्चीवर गेला. हाच त्यांचा फुटबॉल होता. चेंडू लांब मारायचा आणि सगळ्यांनी त्याच्यामागे धावायचं.

मी त्यांना छोटे पास शिकवायला लागलो. त्यांना ते बायकी वाटायचं. मी ओरडायचो मराठीत, ते हसायचे पंजाबीत. पण मानायचे. पाऊस असो, धुकं असो, सकाळी मी पोचायच्या आत मैदानावर हजर. ‘सर’ म्हणाले की मागे ‘जी’ लावलाच पाहिजे. हळूहळू चेंडू गवतावर राहायला लागला. दुसऱ्या हंगामात तर आमचा खेळ बघायला शेजारच्या होस्टेलमधली पोरं भिंतीवर बसायला लागली, आणि मला मनातल्या मनात कोल्हापूरच्या स्टेडियमची आठवण व्हायला लागली. पण शहरात मी पाहुणाच होतो. मैदानाबाहेर पडलो की पुन्हा सगळे चौक गोल.

त्याच हंगामात प्रिन्सिपलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. धिप्पाड सरदारजी, पगडीची घडी इस्त्री केल्यासारखी, बोलणं मोजकं. म्हणाले, मैदान एकच आहे. क्रिकेटसाठी एक शीतपेयवाली कंपनी खर्च करायला तयार आहे. फुटबॉल ठेवायचा की नाही, हे या वर्षी ठरवायचं आहे. “आपकी टीम सेमीफायनल में पहुँची तो मैं खुद देखने आऊँगा. फिर देखते हैं.” म्हणजे संघ जाणार, त्याच्याबरोबर मीही जाणार. मी पोरांना हे सांगितलं नाही. त्यांना ते मला कळायच्या आधीपासून माहीत होतं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत क्वार्टरफायनल आम्ही शनिवारी जिंकली, तीही छोट्या पासांवर. सेमीफायनल मंगळवारी होती. पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि त्या भरात मी जाहीर करून टाकलं की उद्या दुपारी सगळ्यांनी जेवायला माझ्याकडे यायचं. आमच्याकडे सामना जिंकला की रस्सा झालाच पाहिजे. जिंकून घरोघर नुसते पांगलो, असं कोल्हापुरात कुणी केलं तर पेठ त्याच्याशी बोलत नाही.

मटण मी स्वतः केलं. बायकोच्या आमटीत गूळ पडतो, तेव्हा हे काम तिच्यावर सोडण्यात अर्थ नव्हता. मार्केटातल्या झटक्याच्या दुकानातून बोकड आणला, आईनं पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडला, आणि घरमालकाच्या परवानगीनं मागच्या अंगणात चूल मांडली. फोडणीला वास सुटला तेव्हा शेजारच्या तीन कोठ्यांच्या, म्हणजे बंगल्यांच्या, खिडक्या बंद झाल्या. बायको दारात उभी राहून तांबड्या रश्शावरच्या तवंगाकडे डॉक्टरच्या नजरेनं बघत होती.

“अहो, जरा बेतानं. त्यांना सवय नाही.”

“काय हुतंय त्येंना? गडी हायती ते,” मी म्हटलं. मटण करताना माझी भाषा आपोआप गावाला जाते.

पोरं आली, पंगतीत बसली. पांढरा रस्सा त्यांना लस्सीचा लांबचा भाऊ वाटला. वाट्या झरझर रिकाम्या झाल्या. मग तांबडा आला. पहिल्या घोटाला कॅप्टनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, नाकातून पाणी यायला लागलं. पण तो म्हणाला, “सर जी, तरी बहुत वदिया.” त्यांच्याकडेही रश्शाला तरीच म्हणतात, याचा मला इतका आनंद झाला की मी त्याच्या वाटीत आणखी दोन पळ्या ओतल्या.

इथे घोटाळा झाला. आमच्याकडची रीत अशी की पाहुणा हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढत राहायचं. मध्येच थांबलं तर तो अपमान. त्यांच्याकडची रीत अशी की गुरूच्या घरी ताटात जे पडेल ते संपवायचं, आणि नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर तो अपमान. मी थांबेना, ते नाही म्हणेनात. मी वाढतोय, ते पितायत, त्यांना घाम फुटतोय, मला वाटतंय पोरांना आवडलंय, म्हणून मी आणखी वाढतोय. पोरांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. एकटा गोलकीपर यातून सुटला. तो हरियाणाचा, शुद्ध शाकाहारी, बाजूला बसून दही-भात खात होता आणि आपल्या सोबत्यांकडे दयेनं बघत होता.

पातेलं खरवडून झालं तेव्हा आत फोन वाजला. स्पर्धेच्या ऑफिसातून होता. मंगळवारी मैदानावर कसलासा सरकारी समारंभ ठरला आहे, सबब सेमीफायनल उद्या सकाळी.

मी बाहेर येऊन सांगितलं. कॅप्टननं पोटावरून एक हात फिरवला आणि म्हणाला, “कोई गल्ल नहीं, सर जी. चलेगा.” बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत जाऊन कपाटातली मीठ-साखरेच्या पावडरीची पाकिटं शोधायला लागली.

सोमवारी सकाळी प्रिन्सिपलसाहेब खुर्ची टाकून बसले होते. माझी पोरं मैदानात आली, ती जपून. कोवळ्या उन्हात प्रत्येकाचा चेहरा पिवळट. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात आमचा डावा विंगर चेंडू सोडून सरळ पॅव्हेलियनकडे धावत सुटला. तो परत येतोय तोवर उजवा गेला. रेफ्रीला प्रथम वाटलं, ही आमची काही नवी चाल आहे. कॅप्टन एकदा गेला, दोनदा गेला. कधी नऊ गडी मैदानात, कधी आठ. बदली खेळाडू घ्यावेत तर तेही त्याच पंगतीला होते. कडेला माझी बायको बादलीत पावडर ढवळत उभी, येणाऱ्याला एक पेला, जाणाऱ्याला एक पेला. माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती.

पण काय खेळली पोरं! लांब लाथ मारून धावायची ताकदच नव्हती. मग राहिले काय, तर छोटे पास. ज्या खेळासाठी मी दोन वर्षं घसा फोडला, तो खेळ त्यांनी त्या दिवशी नाइलाजानं खेळला, आणि असा खेळला की मला माझी पेठ दिसली. आणि मागे आमचा गोलकीपर, मैदानातला एकमेव धडधाकट माणूस, दही-भातावर सिंहासारखा लढत होता. पूर्ण वेळ संपला तरी गोल नाही. सामना पेनल्टींवर गेला. पेनल्टीला पळत येऊन जोरात मारायचं असतं, आणि पळत येण्याची हिंमत कुणातच उरली नव्हती. जागच्या जागी उभं राहून मारलेले चेंडू त्यांच्या गोलकीपरनं फुलं वेचावीत तसे उचलले. आमच्याकडून गोल केला तो एकट्या गोलकीपरनं. आम्ही हरलो.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. सगळा संघ आणि मी. साहेबांनी कॅप्टनला विचारलं, काय झालं होतं? कॅप्टन छाती काढून म्हणाला, काल संध्याकाळी आम्ही सेक्टर सतराला जाऊन गोलगप्पे खाल्ले, चूक आमची. साहेबांनी विंगरला विचारलं. तो म्हणाला, छोले-कुलचे. तिसरा म्हणाला, होस्टेलच्या मेसमधला राजमा. साहेबांनी मेसच्या कंत्राटदाराला बोलावलं. तो हात जोडून शपथ घ्यायला लागला, की रविवारी दुपारी आणि रात्रीही फुटबॉलचं एक पोरगं मेसकडे फिरकलं नाही. पोरं खाली माना घालून उभी. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुधा साहेबांना कळलं असतं, एवढी अक्कल त्यांनी राखली होती.

मला ते बघवेना. मी म्हटलं, “सर, ये लोग मेरे घर खाना खाके गए थे. मटन मैंने बनाया था. मिर्च मेरी थी.” आणि तारीख कशी बदलली, तेही सांगितलं. कॅप्टननं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा इकडे ठेवला, एकदा तिकडे. मग म्हणाले, “किसी ने मना नहीं किया?”

“सर जी के घर में कैसे मना करते, सर?” कॅप्टन म्हणाला.

साहेबांची दाढी हलली. ते हसतायत हे कळायला मला जरा वेळ लागला. मला म्हणाले, मी बघायला आलो होतो, की आपल्याकडे टीम आहे की नुसती अकरा पोरं आहेत. सकाळी उभं राहता येत नसताना ती शेवटपर्यंत खेळली. आत्ता तुमच्यासाठी खोटं बोलली, तेही ठरवून न घेता, प्रत्येकानं आपापलं. बघून झालं. मैदान फुटबॉलचंच राहील. “और कोच साहब, पंजाब में खिलाने वाले को कोई निकालता नहीं. अगली बार मुझे भी बुलाना. फायनल के बाद.”

बाहेर आलो. मला वाटलं, पोरं उड्या मारतील, निदान हसतील. कॅप्टन तर माझ्यावर चिडलेला. माझ्यावर त्यानं आवाज चढवलेला मी तेवढ्याच वेळी ऐकला.

“सर जी, तुसी क्यों बोले? साहेबांना कशाला सांगायचं?” हे तो अर्थात पंजाबीत म्हणाला, आणि मला सगळं कळलं. “अगर निकाल देते तो? घर दी गल्ल सी!”

घरातली गोष्ट होती, बाहेर का काढलीत, म्हणून तो माझ्यावर संतापला होता. आजूबाजूची सगळी टोळी मान डोलावत होती. हरियाणाचा गोलकीपरसुद्धा, ज्यानं त्या मटणाला बोट लावलं नव्हतं. मी कसंबसं म्हटलं, “उद्या सहा वाजता प्रॅक्टिस. उशीर चालणार नाही.” मराठीतच म्हटलं. “हाँ जी, सर जी,” सगळे एका सुरात म्हणाले.

कॉलेजच्या फाटकापाशी फोनचं बूथ होतं. बायकोच्या वॉर्डात फोन लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

“काय झालं? राहिली का नोकरी?”

“राहिली.”

“मैदान?”

“तेही राहिलं.”

“मग रडताय कशाला?” ती म्हणाली.

पोरं मला आपल्या घरचा समजतात, एवढंच सांगायचं होतं, पण बूथबाहेर लोक खोळंबले होते आणि मला हुंदका आवरत नव्हता. ती पलीकडे फोन धरून बसली होती. पुण्याची असूनही एक शब्द टोचून बोलली नाही.