नकाशातला वरवंटा

आमच्या घरचा वरवंटा एकदा गावाच्या नकाशात गेला. तो मीच नेला.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढचं साल. आमचं गाव दहिवडीकडचं. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून गुरुजींनी चौथीच्या पोरांकडून शाळेपुढं जमिनीवर गावाचा नकाशा मांडून घेतला. राखेचा रस्ता, निळीचा ओढा (खऱ्या ओढ्याला पाणी नव्हतं, नकाशात होतं), देवळाला अर्धी वीट आणि घरांना खडे. साहेबांपुढं काठी धरून सगळं सांगायला माझी हिरा निवडली होती. पोरगी झोपेतसुद्धा "उत्तरेला माळ, दक्षिणेला ओढा" बडबडायची.

आदल्या दिवशी मी बघायला गेलो.

"आपलं घर कुठाय गं?"

"ह्यो काय, आबा." चिंचोक्याएवढा खडा!

"आन् त्यो मोठा?"

"बापूकाकांचं."

बापू माझा चुलतभाऊ. त्याचं घर माझ्यापेक्षा मोठं, हे गावाला ठाऊक होतं. मला मान्य नव्हतं.

"आमी पावलांनी मोजलंय, आबा. जेवढं हाय तेवढंच दाखवायचं असतं."

"मला शिकवतीस व्हय? दोन इयत्ता मीबी शिकलोय," म्हणालो, आणि घरून वरवंटा आणून खड्याच्या जागी ठेवला.

सकाळी तो बापूनं पाहिला. तसाच घरी गेला आणि उखळ घेऊन आला. ते बघून पाटलांनी गड्याकरवी जातं धाडलं. निम्मा रस्ता जात्याखाली, ओढा मधेच बंद.

साहेबांनी विचारलं, "बाळ, गावाचं देऊळ कुठं आहे?"

हिरानं उखळावर काठी टेकली. "ह्याच्याखाली."

पोरं हसली, साहेब हसले. हिरा हसली नाही. माळ, ओढा, पाठ केलेलं एक अक्षर तिच्या तोंडून फुटेना. गुरुजींनी काठी घेऊन दुसऱ्याला दिली.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "वरवंटा आणा, आबा. आईला चटणी वाटायचीय."

साहेबालाच नकाशातलं कळत नाही, असं मी गावभर सांगत हिंडलो. पोरीशी दोन शब्द बोलायचे होते, ते राहिले. अजून राहिलेत.

परवा सांगलीला हिराच्या घरी गेलो. तिची लेक कागदावर आमच्या गावाचा नकाशा काढत होती.

"माझं घर कुठाय गं?"

"हा ठिपका, आजोबा."

भाकरी थापता थापता हिराचा हात थांबला.

"बरोबर हाय," मी म्हणालो. "तेवढंच हाय."

तरीही हिरानं ओट्यावरचा मिक्सर उचलून आत ठेवला.